"मॉलमध्ये माल लावायला डोकं लागत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाईकांच्या ग्रुपवर, मला तर माझ्या सख्ख्या मावशीनेच पाठवला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं की मोठ्या दुकानात रॅकला माल लावणाऱ्या पोरापोरींना फुकटचा पगार मिळतो, एसीत फिरायचं आणि डब्यावर डबा ठेवायचा, हे काम कोणीही दोन दिवसात शिकेल, जुना माल मुद्दाम पुढे ठेवून हे लोक गिऱ्हाईकाला गंडवतात, स्टॉक कमी निघतो तो यांनीच उचललेला असतो, आणि आता सगळं कॉम्प्युटर करतो मग यांची गरजच काय. मी नाशिकमध्ये अशाच एका मोठ्या दुकानात इन्व्हेंटरीला, म्हणजे मालाच्या मोजणी-नोंदीला आहे. माझ्यासोबत सिन्नर, ओझर, पेठ, सुरगाण्याकडची मुलंमुली आहेत, त्यातली कितीतरी जण नोकरी करून मुक्त विद्यापीठातून डिग्री करतायत, आणि हा मेसेज त्यांच्या घरी पण पोचलाय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलते.

"कोणीही दोन दिवसात शिकेल"

डबा उचलून ठेवायला दोन दिवस पण लागत नाहीत, बरोबर आहे. पण कुठला डबा, कुठल्या फळीवर, किती फेसिंग, म्हणजे समोर शेजारी-शेजारी किती नग दिसायचे, हे ठरलेलं असतं, त्याचा नकाशा येतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. जड माल खाली, डोळ्यासमोरच्या फळीवर काय यायचं ते आधी ठरलेलं, फिनेल आणि डिटर्जंट खाण्याच्या मालापासून लांब, चहाची पाकिटं अगरबत्तीच्या शेजारी ठेवायची नाहीत कारण चहा वास ओढून घेतो. हे झालं नुसतं लावण्याचं. त्याच्या आधी मागच्या दारात गाडी लागते तेव्हा ऑर्डर, बिल आणि उतरलेला माल तिन्ही जुळवायचं असतं. बॉक्स मोजून भागत नाही, आत किती नग आहेत, एमआरपी कुठली, तारीख किती लांबची, डॅमेज किती, हे सगळं बघून मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचा. गाडीवाल्याला घाई असते, मागे दुसऱ्या दोन गाड्या उभ्या असतात, आणि एकदा सही झाली की कमी आलेला नग दुकानाच्या खात्यावर बसतो. तिथे शांतपणे "थांबा दादा, हा बॉक्स फोडून बघू" म्हणता यायला महिने जातात, मी नवीन मुलांना शिकवते म्हणून सांगतेय.

"एसीत फिरायचं"

एसी गिऱ्हाईकाच्या बाजूला असतो. मागच्या गोडाऊनमध्ये आणि रिसिव्हिंगला, म्हणजे माल उतरवून घेतात तिथे, बहुतेक ठिकाणी पंखाच असतो, आणि एप्रिल-मे मधलं नाशिक काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको. साखरेचं पोतं 50 किलोचं असतं, 5 लिटरचे तेलाचे चार कॅन एका बॉक्समध्ये असतात म्हणजे एक बॉक्स 18-19 किलोच्या घरात गेला, असे बॉक्स ट्रॉलीवर चढवायचे, उतरवायचे, वाकून खालच्या फळीत सरकवायचे, आणि शिफ्ट संपेपर्यंत उभंच राहायचं. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना बसायची सोय द्यायलाच पाहिजे यासाठी केरळने 2018 ला आणि तामिळनाडूने 2021 ला आपापल्या दुकानांच्या कायद्यात बदल केले. बसायला मिळावं म्हणून सरकारला कायदा बदलावा लागतो, एवढ्यावरून समजून घ्या.

"जुना माल पुढे ठेवून गंडवतात"

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. आधीच्या तारखेचा माल आम्ही पुढेच ठेवतो, नवीन मागे. ज्याची मुदत आधी संपणार तो आधी विकला गेला पाहिजे, नाहीतर मागचा माल मागेच राहतो आणि एक दिवस सगळा फेकावा लागतो. घरी सुद्धा कालचं दूध आधी वापरतोच की आपण. यात फसवणूक कुठे आली? मुदत शिल्लक असलेला माल चांगलाच असतो, आणि तुम्ही हात घालून मागचं पाकीट काढलं तरी कोणी अडवत नाही, ते पाकीट काढून पुढची रांग विस्कटली की आम्हीच परत लावतो.

मुदत संपलेला खाण्याचा माल विकणं ही वेगळी गोष्ट आहे, तो गुन्हा आहे, आणि तो रॅकवरून काढणं हेच आमचं काम आहे. ते कसं चालतं ते सांगते. बिस्किटाच्या पुड्याची तारीख शिवणीवर पुसट छापलेली असते, टिनच्या डब्याची बुडाला असते, शाम्पूवर कितीदा नुसती बनवल्याची तारीख आणि पुढे "24 महिने" एवढंच असतं, म्हणजे हिशोब तुम्ही करायचा. प्रत्येक फळीतला प्रत्येक नग हातात घेऊन हे बघायचं, मुदत जवळ आलेला बाजूला काढायचा, ऑफरला लावायचा किंवा कंपनीला परत करायचा, संपलेला डम्पला, म्हणजे फेकायच्या मालात, टाकून सिस्टीममधून कमी करायचा. तरीही एखादा नग सुटलेला सापडला तर काउंटरवर दाखवा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार करा, तुमचा हक्क आहे तो. पण एक सुटलेला नग म्हणजे मुद्दाम केलेला कट असं नसतं.

"स्टॉक कमी निघतो तो हेच उचलतात"

हा मुद्दा वाचून मला खरंच वाईट वाटलं आणि रागही आला, कारण यात माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवलंय. चोरी होतच नाही असं मी म्हणणार नाही, बाहेरचे करतात, कधी आतले पण करतात, आणि पकडले जातात. पण सिस्टीमचा आकडा आणि रॅकवरचा आकडा जुळला नाही म्हणजे चोरीच झाली, हे ज्याने एकदाही मोजणी केलेली नाही तोच बोलू शकतो.

एक अगदी साधं उदाहरण घ्या. एकाच साबणाचे तीन वास, गुलाब, चंदन, लिंबू. किंमत तीच, पण तिघांचा बारकोड वेगळा. गिऱ्हाईकाने दोन-दोन असे सहा घेतले, काउंटरवर गर्दी आहे, कॅशियरने गुलाब एकदा स्कॅन केला आणि सहा दाबलं. बिल बरोबर, पैसे बरोबर. पण सिस्टीममध्ये गुलाबाचे सहा गेले आणि प्रत्यक्षात दोनच गेलेत, म्हणजे रॅकवर गुलाब चार जास्त, चंदन दोन कमी, लिंबू दोन कमी. आता हे दिवसभर, सगळ्या काउंटरवर, बिस्किटं, नूडल्स, ज्यूस सगळ्यात होतं असं धरा. ऑडिटला चंदन शॉर्ट दिसतो आणि कोणीतरी म्हणतं "कोणी नेला?" कोणीही नेलेला नसतो.

मग कंपनी मधेच बॉक्समधले नग बदलते, 12 चे 10 करते, आणि रिसिव्हिंगला जुन्याच हिशोबाने एंट्री होते. "तीनवर एक फ्री" च्या पॅकमधला फ्री नग सुटा होऊन रॅकवर येतो. सुट्या मालाचं तर विचारूच नका, पोत्यातून 1-1 किलोची पाकिटं भरताना थोडं सांडतं, पालेभाजी संध्याकाळपर्यंत सुकून वजनाला कमी भरते, आणि द्राक्षाच्या सीझनमध्ये घडाचे मणी गळतात, क्रेटच्या तळाशी राहिलेले ते मणी कोणी विकत घेत नाही पण आत येताना त्यांचं वजन धरलेलं असतं. नाशिकमध्ये राहून हे तरी कळायला हवं.

आणि शॉर्ट निघाला की सगळ्या टीमच्या पगारातून सरसकट कापायचं, हे "बरोबरच आहे" असं त्या मेसेजखाली लोक म्हणतायत. नाही, बरोबर नाही. 1936 च्या पगाराच्या कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पण आहे, की माल स्पष्टपणे त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असेल आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं, ते पण त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. रॅक सगळ्यांसाठी उघडा आहे, दिवसाला शेकडो हात लागतात, मग नुसत्या शॉर्टच्या आकड्यावर पंधरा जणांचा पगार कसा कापणार?

"आता सगळं कॉम्प्युटर करतो"

कॉम्प्युटर तेवढंच सांगतो जेवढं आपण त्यात भरतो. त्या साबणाचंच बघा, सिस्टीमला वाटतंय चंदन दोन शिल्लक, रॅक रिकामा, मग नवीन ऑर्डर जातच नाही आणि गिऱ्हाईक रोज येऊन विचारतंय. फळीसमोर उभं राहून "हे शून्य आहे" हे माणूसच सांगतो.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कमी झाला, साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले, तूप-लोणी 12 वरून 5 वर. घटस्थापनेचा दिवस होता तो. बिलिंगचे रेट रातोरात बदलतात, पण फळीवरच्या भावाच्या पट्ट्या आपोआप बदलत नाहीत, जुनी एमआरपी छापलेला माल रॅकला तसाच असतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं की नक्की भाव कुठला. त्या पट्ट्या एकेक काढून लावणारे हात याच "बिनकामाच्या" लोकांचे होते, आणि वर नवरात्राची भगर, साबुदाणा, शेंगदाणे भरायचे ते वेगळंच.

सिस्टीम मागच्या वर्षीच्या विक्रीवरून ऑर्डर सुचवते, त्याला आपलं पंचांग कळत नाही. 2025 ला श्रावण 25 जुलैला लागला, 2026 ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तो 13 ऑगस्टला लागतो. तारखेवर विसंबलात तर उपवासाचा माल जवळजवळ तीन आठवडे आधी येऊन पडणार आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारे राजगिऱ्याचे लाडू मागायला येतील तेव्हा रॅक रिकामा. हा फरक पाहून ऑर्डर हाताने बदलणारं कोणीतरी लागतं.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा येतोय, 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण. मागचा 2015 ला झाला, त्याला इतकी वर्षं झाली की मागच्या वर्षीच्या विक्रीत त्याचा मागमूस पण नाही. आमच्याकडे एक काका आहेत, तेव्हा पंचवटीकडच्या एका गोडाऊनला होते. पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, रस्ते बंद असतात, मालाची गाडी आत येत नाही, त्यामुळे पाणी, बिस्किटं, काडेपेटी, कापूर हे किती दिवस आधी आणून ठेवायचं आणि दुधासारखं काय ठेवून उपयोग नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. आम्ही सध्या त्यांच्याकडून ते एका वहीत लिहून घेतोय.