‘पोलीस हटवा, दंड वाढवा’ : एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

रस्ता सुरक्षेवरचा एक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा गोषवारा असा : रस्त्यावर पोलीस उभे केल्याने अपघात कमी होत नाहीत, ते फक्त वसुली करतात, तेव्हा त्यांना हटवावे, दंड दहापट करावा आणि बाकीचे कॅमेऱ्यांवर सोपवावे. यामागचा संताप खरा आहे. निष्कर्ष मात्र पुराव्यापुढे टिकत नाहीत.

पोलिसांच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही, हे पहिले विधान. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात २००३ मध्ये निधीच्या तुटवड्यामुळे महामार्गांवर गस्त घालणाऱ्या राज्य पोलिसांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना कामावरून कमी करण्यात आले. कपातीचे कारण निव्वळ आर्थिक होते, त्यामुळे तिचा परिणाम वेगळा काढून तपासता आला. आणि त्यानंतर महामार्गांवरील मृत्यू व जखमींचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे अभ्यासकांना आढळले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे १९९०च्या दशकात स्थानिक पोलिसांच्या हद्दीतील रस्त्यांचे लहान टप्पे पाडले गेले, दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग केले गेले, आणि कोणत्या टप्प्यावर कोणत्या वेळी गाडी उभी करायची हे सोडत काढल्याप्रमाणे ठरवले जाऊ लागले. गाडी झाडाआड दडवायची नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसेल अशी उभी करायची, एवढाच दंडक होता. मनुष्यबळ फारसे लागले नाही, तरीही प्राणघातक अपघात सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज या उपक्रमाच्या मूल्यमापनात निघाला. पोलीस आज कोठे असतील याचा नेम नसला, की चालक सगळीकडेच सांभाळून गाडी चालवतो.

दंड दहापट करण्याच्या सूचनेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. माणूस शिक्षेच्या आकड्यापेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेला अधिक भितो, आणि ती शक्यता जवळजवळ शून्य असेल तर कागदावरचा दंड कितीही मोठा असला तरी त्याची जरब बसत नाही. शिवाय दंड वाढला की तो चुकवण्यासाठी चालक हातावर ठेवायला तयार असलेली रक्कमही वाढते. ज्या वसुलीवर संदेशलेखक चिडले आहेत, तिलाच हा उपाय खतपाणी घालतो.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. सरासरी वेग १ टक्क्याने उतरला तर प्राणघातक अपघात सुमारे ४ टक्क्यांनी उतरतात, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे आणि वेग उतरवण्याचे काम कॅमेरा चोख करतो. परंतु एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्यापुढे ब्रेक दाबून तो मागे पडताच पुन्हा वेग घेणारे चालक सर्वत्र दिसतात. मद्यपी चालकाच्या बाबतीत तर नोटीस घरी पोहोचेपर्यंत जे घडायचे ते घडून गेलेले असते. ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये संशय असो वा नसो, कोणत्याही चालकाला थांबवून श्वासचाचणी घेण्यास सुरुवात केली, तिची भरपूर प्रसिद्धी केली आणि चाचण्यांत खंड पडू दिला नाही. तेथे प्राणघातक अपघात घटले ते यामुळे. हे काम खांबावरच्या यंत्राकडून होणारे नाही.

राहता राहिला वसुलीचा आरोप, आणि तो मी झटकून टाकणार नाही. शिपायाचे काम पावत्यांच्या संख्येवर मोजले जात असेल, तर जेथे पावत्या सहज फाटतात तेथेच तो उभा राहणार : उतार संपताच वेगमर्यादा एकदम खाली येते अशा वळणामागे. संध्याकाळी अंधुक उजेडात पादचारी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात ते ठिकाण रिकामेच राहते. पण हा दोष देखरेखीच्या अभावाचा आहे, आणि त्यावर पोलीस हटवणे हा उपाय नव्हे. गस्तीची जागा आणि वेळ सोडतीने ठरली, तर मलईदार नाका निवडण्याची मुभा शिपायाला उरत नाही. म्हणजे चालकाला सावध ठेवणारी युक्तीच पोलिसालाही चाप लावते. त्याच्या जोडीला दंडाची रक्कम ठाण्याच्या हिशेबात न येता परस्पर कोषागारात जावी, अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण पुसण्याचा अधिकार त्या पोलिसाला नसावा, तक्रार त्याच्या वरिष्ठांऐवजी बाहेरच्या समितीने ऐकावी, आणि त्या समितीने दरमहा गस्त कोठे झाली व गंभीर अपघात कोठे झाले हे एकाच नकाशावर जाहीर करावे.

‘खरा दोष रस्त्यांचा आहे’ असे संदेशाच्या शेवटी जाता जाता म्हटले आहे. अनेक ठिकाणी ते खरेही असते. मात्र तो दोष नोंदवणारा पहिला माणूस बहुधा पंचनामा करणारा स्थानिक पोलीसच असतो. त्याने ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहून कागद मिटवला, तर बंद पडलेला दिवा, झाडीत झाकलेला फलक किंवा चुकीच्या जागी सोडलेला दुभाजकातला खंड अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा गंभीर अपघात झाला, की आधीचा पंचनामा काढून दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचण्याचे काम त्या समितीकडे असले पाहिजे.