बाळाच्या अंगावरच्या फोडांसाठी आईला दोष देणारा फॉरवर्ड

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जन्मल्यापासून बाळाच्या अंगावर फोड येतात ते आईने ग्रहण पाळलं नाही, उष्ण खाल्लं म्हणून, घराण्यात कोणाला नसेल तर आजार आनुवंशिक नाही, बाळाला बाकी मुलांपासून लांब ठेवा, आणि जनुकाची टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात.

ग्रहण नि पपईचा इथे काडीचाही संबंध नाही. आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा, डॉक्टर नुसतं ईबी म्हणतात. कातडीचे थर धरून ठेवणारी प्रथिनं ज्या जनुकांवरून बनतात त्यातच बिघाड असतो. ईबीच्या सिम्प्लेक्स प्रकारात बहुतेकदा केराटिन ५ किंवा १४ हे प्रथिन बिघडलेलं असतं, डिस्ट्रॉफिक प्रकारात कोलॅजन ७, ज्याचे बारीक धागे वरची कातडी खालच्या थराला बांधून ठेवतात, ते नसले किंवा कमी पडले की झबल्याची शिवण घासली तरी फोड येतो. यात आईच्या जेवणाने काय होणार?

घराण्यात नाही म्हणता? अहो, कित्येक प्रकारांत आईबाबा दोघंही ठणठणीत असतात, दोघांकडे त्या जनुकाची एक प्रत चांगली नि एक बिघडलेली असते, बाळाला दोन्ही बिघडलेल्या आल्या की आजार होतो, आणि ही शक्यता दर गरोदरपणात २५ टक्के असते, म्हणजे एक बाळ आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं अजिबात नाही. म्हणजे वडिलांचाही वाटा तेवढाच, पण बोलणी फक्त सुनेला बसतात, याचा मला फार राग येतो. काही प्रकारांत एकच बिघडलेली प्रत पुरते आणि तो बदल कधीकधी बाळातच पहिल्यांदा झालेला असतो. मामाच्या मुलीशी लग्न केलं तर पहिल्या तऱ्हेचा धोका वाढतो हे खरं, पण नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही ईबी होतो.

संसर्ग होत नाही, विषय संपला. बाळाला घ्या, फक्त बगलेत हात घालून उचलू नका, एक हात ढुंगणाखाली नि एक मानेमागे, आणि साधी चिकटपट्टी लावू नका, काढताना कातडी सोबत येते.

टेस्टचं म्हणाल तर २०२३ मध्ये अमेरिकेत डिस्ट्रॉफिक ईबीच्या जखमांवर लावायच्या जेलला मंजुरी मिळाली, त्यात कोलॅजन ७ च्या जनुकाची चांगली प्रत असते, म्हणजे बिघाड त्याच जनुकात आहे का हे आधी कळायला हवं. आणि पुढचं मूल हवं असेल तर गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते, पण त्यासाठी पहिल्या बाळाच्या रिपोर्टमध्ये नेमका बदल सापडलेला लागतो, तेव्हा तो रिपोर्ट दिवस जायच्या आधीच हातात असू द्या.