गरोदरपणातले लोह आणि रक्तदाब: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या गरोदर महिलांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘सुरुवातीच्या महिन्यांत शरीरात लोह जास्त असेल तर रक्तदाब वाढतो, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, म्हणून लोहाच्या गोळ्या लगेच थांबवा, गूळ-खजूर पुरेसे आहेत’, असा त्याचा आशय आहे.

यातला पहिला भाग निराधार नाही. पहिल्या तिमाहीत रक्तातले फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) किंवा हिमोग्लोबिन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये पुढे रक्तदाब वाढण्याचे प्रमाण काही अभ्यासांत अधिक आढळले आहे. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. फेरिटिन हे लोहाचा साठा दाखवते, तसेच ते शरीरातील दाहानेही (इन्फ्लमेशन) वाढते. आणि स्थूलपणात असा दाह असतोच, शिवाय स्थूलपणा हा स्वतंत्रपणे रक्तदाबाचा धोका वाढवतो. हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. गरोदरपणात रक्तातील द्रव जवळजवळ निम्म्याने वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक असते. ज्यांच्यात ही वाढ नीट होत नाही, त्यांचे रक्त दाट राहते, आकडा चढा दिसतो आणि त्यांनाच पुढे त्रास होण्याची शक्यता अधिक असते.

‘गोळ्या थांबवा’ हा सल्ला तर वेळेच्या हिशेबातही बसत नाही. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार पहिल्या तिमाहीत फॉलिक ॲसिड दिले जाते आणि रोज 60 मिलिग्रॅम लोहाची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून सुरू होते. मग पहिल्या तिमाहीतल्या चढ्या आकड्याचा दोष त्या गोळीवर कसा ठेवायचा?

गूळ-खजुराबद्दल थोडक्यात: गुळाच्या लहान खड्यातून फार तर एखादा मिलिग्रॅम लोह मिळते आणि वर घेतलेला चहा त्याचेही शोषण घटवतो.

संदेशात न आलेली एक गोष्ट मात्र खरोखर महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमीच, असे नेहमी नसते. सिंधी समाजात थॅलेसेमिया मायनरचे (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) प्रमाण अधिक आहे आणि पिंपरीत या समाजाची मोठी वस्ती आहे. अशा स्त्रीचा लोहसाठा पुरेसा असूनही हिमोग्लोबिन कमी राहू शकते. म्हणून नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त लोह देण्यापूर्वी फेरिटिन तपासून घ्यावे, असा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि अशा स्त्रीला प्रसूतीतला साधा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

रक्तदाबाची काळजी असेल तर ती योग्य ठिकाणी करावी. पहिलटकरीण असणे, आधीच्या गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असणे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा जुळी असणे, यांपैकी काही लागू असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण जोखीम मोठी असल्यास कमी मात्रेतील ॲस्पिरिन शक्यतो 16 आठवड्यांच्या आत सुरू करावे लागते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकत्र न घेता त्यांत काही तासांचे अंतर ठेवावे. 20 आठवड्यांनंतर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, किंवा रक्तदाब 140/90 वर गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.