काखेत स्लाउ, ब्लॅकपूलला वळसा

धाकटा भाऊ इंग्लंडात स्लाउला राहतो. परवा त्यानं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘चिरंजीवांच्या शाळेतल्या भाषणासाठी.’ मजकूर असा: टीव्हीवर दिसलेला डार्ट्सच्या इतिहासातला पहिला नाइन-डार्टर फिल टेलरनं २००२ साली ब्लॅकपूलला मारला, सलग तीनदा १८० करून ‘परफेक्ट स्कोअर’, त्यासाठी लाख पौंडांचं बक्षीस प्रथमच मिळालं, आणि पुन्हा हे कुणालाच जमलं नाही.

एरवी मी असल्या गोष्टींकडे कानाडोळा करतो. पण दहा वर्षांचं पोर हे वर्गासमोर म्हणणार, आणि तेही स्लाउमध्ये!

आधी ते तीनदा १८०. हे लिहिणाऱ्यानं डार्ट्स बघितलेलं नाही, एवढं नक्की. खेळ ५०१ वरून शून्यावर उतरायचा असतो; तो अवघ्या नऊ डार्टांत संपवला की नाइन-डार्टर. एका फेरीत तीन डार्ट. तिन्ही ट्रेबल २० मध्ये, म्हणजे वीसच्या तिप्पट गुणांच्या पट्टीत, बसले तर १८०, त्यापुढे काही नाही. तीनदा १८० म्हणजे ५४०. ५०१ मधून ५४० कसे वजा करणार? दोनदा १८० केल्यावर उरतात १४१. तिथं पुन्हा १८० मारलेत तर ती फेरी बाद आणि तुम्ही परत १४१ वरच. शिवाय शेवटचा डार्ट डबलमध्येच लागावा लागतो: बोर्डाच्या कडेची दुप्पट गुणांची अरुंद पट्टी, नाहीतर मधोमधचा ५० चा बुल. म्हणजे सगळी मेख त्या १४१ मध्ये आहे. खरं तर नऊ डार्टांत संपवायला १८० लागतच नाही. ट्रेबल २०, ट्रेबल १९ आणि बुल मिळून १६७ होतात. हेच तीनदा केलं की झाले ५०१. चौथीच्या पोराला जमेल असं गणित, पण फॉरवर्ड करणाऱ्या एकाही मोठ्या माणसानं ते केलं नाही.

आता ‘पहिला’. तारीख १३ ऑक्टोबर १९८४. खेळाडू जॉन लो, समोर १९८३ चा विश्वविजेता कीथ डेलर, स्पर्धा वर्ल्ड मॅचप्ले. १८०, १८०, मग ट्रेबल १७, ट्रेबल १८, डबल १८. म्हणजे ५१, ५४ आणि ३६. आयटीव्हीच्या कॅमेऱ्यांनी हे टिपलंय, ते चित्रण आजही सहज बघायला मिळतं, आणि माझा पुरावा तोच. आणि गाव? स्लाउ. आमच्या बंधुराजांचं स्लाउ.

घोळ बहुधा नावामुळे झाला. ब्लॅकपूलच्या स्पर्धेचं नावही वर्ल्ड मॅचप्लेच, पण ती सुरू झाली १९९४ मध्ये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोठे खेळाडू जुन्या संघटनेतून फुटून निघाले, आणि काही जण ‘व्यावसायिक’ डार्ट्स तिथूनच मोजतात. लो १९७९ सालीच विश्वविजेता होता. तो काय हौस म्हणून खेळत होता?

एक गोष्ट मान्य करावी लागते. लोचा खेळ थेट दाखवला नव्हता, नंतर दाखवला. टेलरनं १ ऑगस्ट २००२ ला ख्रिस मेसनविरुद्ध केलं ते ब्रिटिश टीव्हीवर थेट, आणि तिथं तोच पहिला. पण नुसतं ‘थेट’ म्हणाल तर तेही हातचं जातं, कारण त्याच वर्षी टेलरच्या आधी शॉन ग्रेटबॅचनं डच ओपनच्या अंतिम सामन्यात डच टीव्हीवर थेट नाइन-डार्टर मारला होता.

बक्षिसाचं काय सांगायचं! लोला १९८४ मध्ये मिळाले १,०२,००० पौंड, टेलरला अठरा वर्षांनी १,००,०००.

‘पुन्हा कुणालाच नाही’ हे तर टेलरनं स्वतःच खोटं पाडलंय. २०१० च्या प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात त्यानं जेम्स वेडविरुद्ध एकाच सामन्यात दोन मारले. मायकेल स्मिथनं २०२३ मध्ये चक्क विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात मारला.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भाऊ म्हणाला, ‘बरं बाबा, बदलतो.’ पुतण्याचा मात्र वेगळा मेसेज आला: ‘काका, शेवटी १७ का? २० का नाही?’ २० नंही होतं म्हटलं, १९९० च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत पॉल लिमनं ट्रेबल २०, ट्रेबल १९, डबल १२ असंच संपवलं होतं; आणखी रस्ते तूच शोध. रात्रीपर्यंत त्यानं चार पाठवले. त्यातला एक डबलवर संपत नव्हता.