कोसंबी कुठल्या रकान्यात बसतील?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: अमक्या महाविद्यालयाचे एवढे प्राध्यापक स्टॅनफर्डच्या ‘आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नेमणुका आणि बढत्यांच्या नियमांचा नवा मसुदा मांडला. एपीआय पद्धतीने (शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाने) गुण मोजणं बंद करायची सूचना त्यात होती आणि स्टाफरूममध्ये वाद सुरू झाला: आकडे हवेत की नकोत? माझं वास्तव्य नेदरलँड्समध्ये आहे आणि इथे हा वाद त्याआधीच पेटला होता. इथल्या उत्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये जाहीर करून नेमणूक-बढतीतून इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) काढून टाकला. भारतात भाषणांतून या निर्णयाचा दाखला दिला जातो. मला तो जसाच्या तसा उचलणं धोक्याचं वाटतं. आपल्याकडे आकडे राहावेत, पण आज मोजतात तसे मुळीच नव्हे.

आजची मोजणी कुठे फसते ते बघायला दामोदर धर्मानंद कोसंबींपेक्षा चांगलं उदाहरण नाही. गोव्यात जन्म, हार्वर्डमध्ये शिक्षण, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताची अध्यापकी, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्था. या माणसाने भूमितीत काम केलं, नाण्यांची वजनं करून त्यांची झीज संख्याशास्त्राने मोजली, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये काढली, प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. आणि १९४४ मध्ये आनुवंशिकीत एक छोटा पेपर लिहिला. दोन जनुकं गुणसूत्रावर किती लांब आहेत हे त्यांच्या पुनर्संयोगाच्या (पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची जी अदलाबदल होते तिच्या) प्रमाणावरून काढण्याचं सूत्र त्यात आहे. पुनर्संयोग २० टक्के असेल, तर जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या जुन्या सूत्राने अंतर साधारण २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक) येतं, कोसंबींच्या सूत्राने २१.२. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. हाल्डेनचं सूत्र हे धरत नाही, कोसंबींचं धरतं.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला तयार झालेल्या जॉइनमॅप या सॉफ्टवेअरमध्ये आजही हाल्डेन की कोसंबी असा पर्याय निवडावा लागतो. भात, गहू, टोमॅटो, कुठल्याही पिकाचा जनुकीय नकाशा उघडा, ‘कोसंबी’ हे नाव सापडण्याची शक्यता मोठी. मात्र अनेक पेपरांत ते फक्त पद्धतीच्या परिच्छेदात येतं, संदर्भसूचीत नाही. संदर्भसूचीत नाही म्हणजे सायटेशन नाही. कल्पना इतकी मुरते की मूळ पेपरचा उल्लेख करायची गरजच कुणाला वाटत नाही. सायटेशन मोजणारं यंत्र हे पाहू शकत नाही.

एकाच माणसाच्या पाच विषयांतल्या कामाची बेरीज करून एक आकडा काढला, तर त्यात आनुवंशिकी बाकीच्यांना गिळून टाकील. कारण साधं आहे. गणिताच्या पेपरला वीस-पंचवीस संदर्भ असतात, रेण्वीय जीवशास्त्राच्या पेपरला पन्नास-साठ सहज. जिथे याद्या लांब आणि लिहिणारे जास्त, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला सायटेशन जास्त. त्यात वेगाचा फरक. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या. गणितातला चांगला सिद्धांत पचायलाच दोन वर्षं लागतात, त्याची सायटेशन येऊ लागतात तोवर हा हिशोब बंद झालेला असतो.

एच-इंडेक्सचंही तेच. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे: ४५, २२, ९, ६, ५, ३. पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच पाच. दुसऱ्याचे ९००, ४, ३, १ असतील तर त्याचा एच तीनच. नऊशेच्या पेपरची किंमत तीनच्या पेपरएवढी. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा निर्देशांक मांडला, तेव्हाच विषयांतली तफावत दाखवली होती: भौतिकशास्त्रात एडवर्ड विटन ११०, जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर १९१. विटन कमी दर्जाचे, असा निष्कर्ष कुणी काढणार नाही. आपल्या निवड समित्या मात्र दोन विभागांच्या उमेदवारांचे एच शेजारी शेजारी लिहून तोच निष्कर्ष काढतात.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विषयांचा फरक अगदी थोडा धरला आहे: विज्ञानाच्या पेपरला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना १०. पण पुढे इम्पॅक्ट फॅक्टरचे टप्पे येतात, एकच्या आत असेल तर १० गुण, दहाच्या वर असेल तर ३०, आणि तिथे गणित आणि वैद्यकाला एकच फूटपट्टी. त्याहून मोठी चूक लेखकांच्या वाटणीत आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. हिशोब करून बघा. एकट्याने लिहिलं तर १००, दोघांनी मिळून १४०, दहा जणांनी ७० अधिक नऊ गुणिले ३०, म्हणजे ३४०. नावं वाढवली की गुण वाढतात. प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला १२० गुण लागत असतील, तर एकमेकांची नावं घालण्याचा मोह नियमानेच निर्माण केला आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर २०१५ मध्ये आलेल्या पेपरचे लेखक ५१५४ होते, ३३ पानांपैकी २४ पानं नावांची आणि संस्थांची. त्या क्षेत्रात ते रास्तच आहे. पण आपली वाटणी त्याला लावली तर एका पेपरातून दीड हजारांवर पेपरांचे गुण निघतात. उपाय सोपा आहे: एका पेपरचे गुण एकच, ते लेखकांत विभागायचे.

आता दोन टक्क्यांची यादी. ती स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिथले जॉन इओआनिडिस आणि सहकारी स्कोपस या पेपर-सायटेशनच्या सशुल्क साठ्यातली माहिती घेऊन ती बनवतात. सहा मापांची बेरीज असते, त्यांतली तीन एकल, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेल्या सायटेशनची. क्रम १७४ उपक्षेत्रांत लावतात, हे चांगलंच. पण याद्या दोन आहेत, संपूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. बातमीत कुठली ते बहुधा लिहिलेलं नसतं, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय प्रत्येकाला त्याचे सर्वांत जास्त पेपर जिथे, ते एक मुख्य उपक्षेत्र मिळतं. कोसंबींना एकच रकाना द्यायचा, तर बहुतांश कोसंबी हरवतील.

मग नीट कसं मोजायचं? प्रत्येक पेपरची तुलना त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी करायची. समजा गणिताच्या पेपरला १२ सायटेशन आहेत आणि तशा पेपरांची सरासरी ६, तर गुणोत्तर २. जीवशास्त्राच्या पेपरला ४० आणि तिथली सरासरीही ४०, तर १. आढावा-लेख वेगळे ठेवायचे, कारण त्यांना सायटेशन फार मिळतात. सरासरी एखाद्या गाजलेल्या पेपरने फुगते, म्हणून ‘आपल्या विषयात वरच्या दहा टक्क्यांत किती पेपर’ हे पाहणं जास्त भरवशाचं. मोजकेच पेपर असतील तर हा आकडा डगमगतो, तिथे तो वापरूच नये. स्कोपस परवडत नाही ही सबब आता उरलेली नाही. ओपनअ‍ॅलेक्स या मोफत साठ्यात प्रत्येक पेपरचं असं गुणोत्तर मिळतं. लायडन विद्यापीठाने २०२४ मध्ये आपल्या क्रमवारीची खुली आवृत्ती त्याच माहितीवर काढली. अट एकच: आधी उमेदवाराची यादी हाताने तपासायची. आद्याक्षरं आणि आडनावावर एस. पाटील चार निघतात, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं काम दोन प्रोफाइलांत फाटतं. ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) सक्तीचा केला की निम्मी डोकेदुखी जाते.

एवढं असताना इथल्यासारखं आकडे सोडून उमेदवाराने आपल्या कामाबद्दल लिहिलेल्या निवेदनावर का जाऊ नये? इथेही त्याला विरोध झाला. जुलै २०२१ मध्ये शंभरावर डच संशोधकांनी खुलं पत्र लिहून बजावलं की मोजता येणारे निकष गेले तर निवड अधिक मनमानी होईल. त्यांची भीती मला आपल्याकडे दसपट खरी वाटते. इथे समितीत बाहेरचे लोक असतात, निकष आधी लिहून ठेवतात, आणि तरीही सफाईदार इंग्रजीत निवेदन लिहिणाऱ्याला फायदा होतो. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनीच सहायक प्राध्यापकाची अंतिम निवड फक्त मुलाखतीवर सोपवली आहे. ज्याच्या मागे कुणी नाही, अशा नांदेड-गडचिरोलीच्या मुलीकडे दाखवायला कागदावरचा आकडाच असतो. तो काढून घेतला तर मागे वशिला उरतो.

पण आकडा सगळं पकडत नाही, आणि मराठीचं नुकसान इथेच होतं. स्कोपसमध्ये मराठी नियतकालिकं जवळजवळ नाहीत. बोलीभाषा, संतसाहित्य, मोडी कागदपत्रं यांवरचं काम मराठीतच होणार आणि त्याची सायटेशन शून्य दिसणार. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षातून चालायची. भारतीय भाषांतल्या नियतकालिकांना तो एक आधार होता. आधीच्या यादीत बोगस नियतकालिकं इतकी शिरली होती की मे २०१८ मध्ये ४३०५ नावं काढावी लागली, तेव्हा गाळणी हवी यात वाद नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली आणि जबाबदारी संस्थांवर आली.

शेजारच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सने यावर मार्ग काढला आहे. तिथे सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांची स्वतंत्र नोंदवही आहे. डच भाषेतले लेख, ग्रंथ, ग्रंथातली प्रकरणं तिच्यात येतात. कुठलं नियतकालिक घ्यायचं ते प्राध्यापकांचं मंडळ ठरवतं आणि विद्यापीठांच्या निधीत त्या नोंदींना वजन असतं. महाराष्ट्राला हे जमण्यासारखं आहे. पुण्यातल्या कक्षाकडे नियतकालिकं तपासण्याचा काही वर्षांचा अनुभव जमा आहे, तो वाया जाऊ देऊ नये. सुरुवात मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या तीन विषयांनी करावी. प्रत्येक नोंदीत लेखकाचा ऑर्किड, लेख कुणाकडून तपासून घेतला जातो त्याची पद्धत, आणि संदर्भसूची देवनागरीत जशीच्या तशी. संदर्भसूची साठवली तरच पाच वर्षांनी मराठी लेखाला मराठी लेखाकडून मिळालेलं सायटेशन मोजता येईल.