कूलर विकू नका राजेहो: त्या हवेच्या मशीनच्या मेसेजबद्दल

आपल्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला. शेतकरी ग्रुपवर तो, बचत गटाच्या ग्रुपवर तो, लग्नाच्या ग्रुपवरही कोणीतरी टाकलाच. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणे विदेशात घरोघरी एचआरव्ही, म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन नावाचं मशीन असते, ते लावलं की मे महिन्यातही घर एसीसारखं थंड, कूलर विकून टाका, लाईट बिल अर्ध्यावर. लावायचं कसं? भिंतीत कुठेही दोन भोकं पाडा, पाईप टाका, मशीन छताला लटकवा, कूलरच्याच बोर्डात पिन खोचा. मग खिडक्या, झरोके, फटी सगळं पॅक करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट काढून टाका, चुलीचा धूर मशीनच ओढते. वरून चोवीस तास शुद्ध ऑक्सिजन, आणि एकदा लावलं की पाहायचं काम नाही.

मी एसी-फ्रिजच्या कामातला माणूस. मेसेज आल्यापासून रोज कोणीतरी विचारते, भाऊ आपल्याकडे बसवून देता का. एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा इथेच एकदाचं लिहितो. मशीन खोटं नाही, मेसेज खोटा आहे, आणि त्यातल्या एकदोन गोष्टी तर जीवावर बेतणाऱ्या आहेत.

"घर एसीसारखं थंड होते"

नाही होत. या मशीनमध्ये कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, पाणी नाही. दोन पंखे, दोन फिल्टर आणि मधात पातळ पत्र्यांचा किंवा प्लास्टिकच्या पानांचा एक ठोकळा, बस. एक पंखा घरातली कोंदट हवा बाहेर फेकते, दुसरा बाहेरची ताजी हवा आत घेते, आणि या दोन हवा त्या पानांच्या दोन बाजूंनी एकमेकीत न मिसळता जातात, तेवढ्यात गरम हवेतली उष्णता थंड हवेला मिळते. गरम दुधाचा गंज पाण्याच्या परातीत ठेवला तर दूध निवते, पण परातीतल्या पाण्यापेक्षा थंड होते का कधी? तसंच हे. बाहेर घरापेक्षा जास्त तापलेलं असताना येणारी हवा घरातल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही.

हिशेबच करू. बाहेर ४५ अंश, घरात कसंबसं ३०, आणि मशीन चांगल्यातलं, ७५ टक्के उष्णता अदलाबदल करणारं. फरक १५ अंशांचा, त्याचे ७५ टक्के म्हणजे सव्वाअकरा. येणारी हवा ४५ वरून पावणेचौतीसवर येईल. म्हणजे ३० च्या खोलीत तुम्ही पावणेचौतीसची हवा सोडून राहिले. खिडकीतून सरळ ४५ ची झळ घेण्यापेक्षा बरी, यात वाद नाही, पण त्याला थंड करणं म्हणत नाहीत.

मुळात हे मशीन आलं थंड मुलखातून. १९७३ नंतर तेल महागलं, तेव्हा कॅनडा आणि युरोपातले लोक घरं फटीबिटी बुजवून पॅक बांधायला लागले, हीटरची ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. कॅनडात रेजायना शहरात १९७७ साली असं एक नमुन्याचं घर बांधलं, त्यात हवा बदलायला अशीच अदलाबदलीची सोय होती. तिकडे बाहेर उणे ३० आणि आत २०, पन्नास अंशांचा फरक, म्हणून तिथे एकेक अंश वाचवायला अर्थ आहे. आपल्याकडे थंडीत घर तापवते कोण? गोधडी घेतो न झोपतो.

अजून एक गोष्ट मेसेजवाल्याला माहीतच नाही. मे महिन्यात आपलं स्लॅबचं घर दिवसभर तापते आणि रात्री आतून भट्टी होऊन जाते, अंगणात मात्र दहा-अकरानंतर बरं वाटते. म्हणून तर आपण बाजा बाहेर टाकतो. अशा वेळी हे मशीन चालू ठेवलं तर ते इमानदारीने आपलं काम करते, म्हणजे घरातली उष्णता घरातच राखते! बाहेर ३०, आत ३६, तर येणारी हवा साडेचौतीस. त्यासाठी बायपास असलेलं मशीन लागते, जे रात्रीची हवा त्या ठोकळ्यातून न नेता सरळ आत सोडते. आणि खिडकी उघडायला तर काहीच लागत नाही.

"कूलर विकून टाका"

कूलर आणि हे मशीन उलट्या स्वभावाचे आहेत. आपला मोठा लोखंडी कूलर तासाला दोन-चार हजार घनमीटर हवा आत ढकलते, वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या ताट्यांतून ओली करून, आणि ती हवा पलीकडच्या खिडकीतून निघून जायला पाहिजे नाहीतर खोलीत नुसती चिकचिक. एचआरव्ही तासाला शंभर-दोनशे घनमीटरवाली, तीही बंद घरासाठी. दोन्ही संगच चालवले तर एचआरव्हीचा काही उपयोग नाही, पैसे पाण्यात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं स्वस्त थंड करणारं दुसरं काही नाही, मी एसीवाला असून सांगतो.

कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या घराबद्दल तर बोलायलाच नको. कवेलूतून हवा येतेच, जातेच, त्या घरात हे मशीन कोणती हवा वाचवणार.

"लाईट बिल अर्धं"

ज्याच्या घरी एसी नाही त्याचं बिल वाढेल, कारण दोन पंखे जास्तीचे चालतील. एसी आहे त्याचा हिशेब: तासाला १०० घनमीटर हवा, आत-बाहेर १५ अंशांचा फरक, तर त्या हवेसोबत सुमारे ५०० वॅट उष्णता घरात येते. मशीन त्यातले पावणेचारशे अडवते. एसी एक वॅट विजेत साधारण तीन वॅट उष्णता बाहेर काढते, म्हणून खरी बचत सव्वाशे वॅटची, त्यातून मशीनचे स्वतःचे चाळीस-पन्नास वॅट वजा. दहा तास चालवून पाऊण युनिट. तेही बाहेर ४५ असतानाच. बिल अर्धं करणारं हे गणित नव्हे.

"सगळं पॅक करा, धूर मशीन ओढून घेते"

याच्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलो.

गावात सिलिंडर आलं तरी अंघोळीचं पाणी बहुतेक घरी पऱ्हाटीवरच, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच तापते. ज्यांच्याकडे जरा पैसा आला त्यांनी न्हाणीत गॅस गीझर लावला. थंडीत म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत शेगडी ठेवतात. या तिन्ही गोष्टींना जळायला हवा लागते, आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होते. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटते, आधी डोकं दुखते, मळमळते, चक्कर येते, माणूस म्हणते जरा पडतो, आणि मग उठत नाही. बंद न्हाणीत गॅस गीझरने माणूस गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या वाचूनही आपण फटी बुजवा म्हणणारा मेसेज पुढे पाठवतो का?

आता यात मशीन काय करते ते पहा. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी पाहिजे, याला बॅलन्सिंग म्हणतात, बसवणारा माणूस वाऱ्याचा वेग मोजायच्या मीटरने प्रत्येक जाळीवर मोजून ते जुळवते. समजा जुळवलंच नाही, किंवा जुळवलं पण हवा घेणारा फिल्टर भरला. आणि आपल्याकडे तो भरतेच. तालुक्याला जिनिंगजवळच्या एका घरचं मशीन मी उघडलं होतं, कापसाचा सीझन चालू. बाहेरच्या बाजूच्या फिल्टरवर सरकीच्या बारीक लवेचा आणि धुळीचा असा थर बसला होता की बोटाने टोक धरून ओढला तर अख्खी घोंगडीच्या तुकड्यासारखी गादी निघाली, खालून पांढरी, वरून काळपट. त्याच्यातून हवा काय जाणार. मशीन चालूच, आवाज येतेच, पण फक्त बाहेर फेकून राहिलं. घर पॅक असेल तर मग बाहेर गेलेल्या हवेची भरपाई कुठून होईल? जिथे भोक असेल तिथून. म्हणजे चुलीच्या धुराड्यातून, गीझरच्या पाईपातून. जो धूर वर जायला पाहिजे तो उलटा खोलीत.

म्हणून ज्या घरात उघडी चूल, शेगडी किंवा धुराड्याशिवायचा गॅस गीझर आहे त्या घरात फटी बुजवून हे मशीन लावायचंच नाही. आधी चूल अंगणात किंवा वेगळ्या पडवीत, गीझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत, मग बाकीचं बोला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळते तो झोपायच्या खोलीजवळ लावा. आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट काढायचा नाही, नाही म्हणजे नाही. फोडणीचा तेलकट वाफारा या मशीनच्या पाईपात गेला तर आतून तेलाचा थर बसते, ठोकळा बाद होते आणि एखाद दिवशी ठिणगी गेली तर आग पाईपातून घरभर. गॅसवरच्या चिमणीचा पाईप वेगळा, सरळ बाहेर.

"भिंतीत कुठेही दोन भोकं पाडा"

कुठेही नाही. ताजी हवा घ्यायचं भोक आणि घाण हवा फेकायचं भोक यांच्यात दोनेक मीटर तरी अंतर पाहिजे, नाहीतर फेकलेलीच हवा परत आत. घ्यायचं भोक गोठ्याकडे नको, संडासच्या टाकीच्या व्हेंट पाईपाकडे नको, जनरेटरकडे नको. आणि घर शेताला लागून असेल तर फवारणीचा विचार करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीने किती शेतकरी, शेतमजूर गेले ते आपण पाहिलं. मशीनचा साधा फिल्टर धूळ धरते, औषधाची वाफ धरत नाही. शेजारच्या धुऱ्यावर फवारणीचा पंप चालू असला की मशीन बंद, एवढा नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

भोक पाडताना बीम-कॉलम सोडून, आतली वायर कुठून गेली ते पाहून, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे झडीचं पाणी आत येत नाही. मातीच्या भिंतीत ड्रिल मशीन मारू नका, ढेपच निघून येते. तोंडाला बारीक जाळी पाहिजेच, नाहीतर उंदीर, पाल, आणि गांधीलमाशी तर एका पंधरवड्यात घर करते.

सिमेंटचे पत्रे असतील तर जास्त जपा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्यावर कोरडा ग्राइंडर फिरवला की जी पांढरी भुकटी उडते तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आजार वीस-तीस वर्षांनी निघते. पत्रा कापायचाच नाही, पाईप भिंतीतून काढा.

"कूलरच्या बोर्डात पिन खोचा"

कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात आणि त्याच बोर्डात अजून एक मशीन? याला वेगळी लाईन, वेगळी एमसीबी, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक लागला की लाईन तोडणारा स्विच, पाहिजे. मशीनजवळच एक स्विच, म्हणजे फिल्टर काढताना तिथेच बंद करता येते. लटकवायचं ते स्लॅबला अँकर मारून, पीओपीच्या सीलिंगला नाही, पंचवीस-तीस किलोचं धूड डोक्यावर येईल. टिनाच्या खालच्या माळ्यावर तर ठेवूच नका, मे महिन्यात तिथे अंडं उकडेल, पाईपातली हवा तापूनच खोलीत येईल.

पावसाळ्यात एसी चालू असला की बाहेरची दमट हवा आतल्या थंड हवेशेजारून जाताना पाणी सोडते. त्याला उतार देऊन ड्रेनचा पाईप आणि त्यात पाण्याचा यू-ट्रॅप लागते, नाहीतर नालीचा वास घरात. पाईपांवर इन्सुलेशनही लागते. मेसेजमध्ये याचा शब्द नाही.

"शुद्ध ऑक्सिजन"

बाहेरच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असते, मशीन तोच आत आणते. तयार काही करत नाही. लाईन गेली की तेही बंद, आणि आपल्याकडे लाईन जातेच, म्हणून मशीन असो नसो, प्रत्येक खोलीला उघडणारी खिडकी पाहिजे.

मग कोणी लावायचं? हायवेला किंवा कोळशाच्या गाड्यांच्या रस्त्याला लागून ज्यांचं स्लॅबचं घर आहे, वणी-चंद्रपूरकडे असे कितीतरी, धुळीपायी खिडकी उघडता येत नाही, एसी दिवसभर चालते, घरात चूल नाही, त्यांना उपयोग आहे. त्यांनीही एचआरव्हीपेक्षा ईआरव्ही, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेशन पहावं, ते उष्णतेसोबत ओलावाही बऱ्यापैकी अडवते, पावसाळ्यात एसीवरचा भार कमी होते. दुकानदाराला विचारा: बायपास आहे का, फिल्टर इथे मिळते का, बसवल्यावर हवा मोजून देणार का. मोजून देणार का म्हटल्यावर जो "त्याची काय गरज" म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा.