चूल फुकट नसते

सिलिंडर महागल्याची बातमी आली आणि त्यात थंडी पडली, की गावाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘गॅस सोडा, चूल पेटवा. चूल फुकट आहे. धुराने घरातले जंतू मरतात, गोवरीवर तूप जाळलं की ऑक्सिजन तयार होतो. आपल्या आज्या चुलीपुढे बसून नव्वद वर्षं जगल्या. थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवा, हीटर लागत नाही. गॅस ही परदेशी कंपन्यांची लूट आहे.’

मला हा मेसेज आजवर ज्यांनी ज्यांनी पाठवला ते सगळे पुरुष आहेत. त्यातल्या एकालाही रोज चूल पेटवावी लागत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहिते आहे.

‘चूल फुकट आहे.’ एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्याची साठ टक्के तरी उष्णता भांड्याला लागते. साध्या मातीच्या चुलीत लाकडाची जेमतेम बारा ते पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते, बाकीची भिंती आणि हवा तापवते. गणित केलं तर एका सिलिंडरचं काम करायला साधारण दोनशे किलो वाळलेलं जळण लागतं. ते विकत घ्यायचं झालं तर किलोला पाचच रुपये धरा, हजार रुपये होतात. बिनअनुदानाचा सिलिंडर २०२५-२६ मध्ये नऊशेच्या आसपास होता.

विकत नाही घेत, रानातून आणतो, असं म्हणाल. कोण आणतं? डोक्यावरची मोळी वीस-पंचवीस किलोची, म्हणजे दोनशे किलोला आठ-दहा खेपा. लांबच्या डोंगरातून आणायचं तर एका खेपेला अर्धा दिवस जातो: तोडायचं, वाळलेलं निवडायचं, बांधायचं, चढ-उतार करत घरी यायचं. चार-पाच दिवसांची मजुरी झाली ही. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने बाईच्या कष्टाचा हिशोब मांडला तर फुकटचं जळण सिलिंडरपेक्षा महाग पडतं. तिच्या हातात पैसे पडत नाहीत, म्हणून तो खर्च कुणाच्या वहीत दिसत नाही, एवढंच.

ज्यांच्या शेतात पऱ्हाट्या, तुराट्या पडून असतात, बांधावर बाभळी आहेत, त्यांना जळण खरोखरच स्वस्त पडतं, हे मान्य. पण ज्यांना शेत नाही आणि बांधही नाही, त्या घरांनी ‘चूल पेटवा’ म्हणजे नेमकं काय करायचं? दुसऱ्याच्या बांधावरून काटक्या उचलल्या म्हणून ऐकावे लागणारे बोल याच बायकांच्या वाट्याला येतात.

‘धुराने जंतू मरतात.’ चुलीच्या वर आढ्याला बियाण्याची कणसं टांगतात, धुरामुळे त्यांना कीड लागत नाही, हे खरं आहे. पण जो धूर किडीला जगू देत नाही, तोच खाली बसलेल्या बाईच्या छातीत जातो. भाकरी भाजताना तिचं तोंड चुलीपासून हातभरसुद्धा लांब नसतं. जळण ओलं निघालं की फुंकणी घेऊन आणखी खाली वाकायचं, आणि फुंकर मारून झाली की पुढचा श्वास त्याच धुरात घ्यायचा. मांडीवर लेकरू असलं तर तेही तिथेच.

घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची मुलं दोन लाखांहून जास्त. जन्मात विडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आखडत जाण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, होतो, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, आणि घरचे म्हणतात वय झालं. मोतीबिंदूचा धोकाही या धुराने वाढतो. निर्धूर चुली सरकारने ऐंशीच्या दशकात वाटल्या होत्या. पण धुराडं वेळच्या वेळी साफ केलं नाही की ते काजळीने बुजतं आणि धूर पुन्हा घरात कोंडतो.

ऑक्सिजनच्या दाव्यावर फार शब्द खर्च करत नाही. कोणतीही वस्तू जळताना ऑक्सिजन वापरला जातो, तयार होत नाही. गोवरीचा धूर तर सहसा वाळलेल्या लाकडापेक्षा जास्त.

‘आज्या नव्वद वर्षं जगल्या.’ ज्या जगल्या त्याच आपल्याला भेटल्या. १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्याला कारणं अनेक होती, सगळा दोष चुलीचा नाही. पण चुलीमुळे माणसं दीर्घायुषी व्हायची, हे त्यातून कुठल्याच अर्थाने निघत नाही. चुलीवरच्या भाकरीची चव न्यारी असते, हे मात्र शंभर टक्के कबूल.

‘शेगडी खोलीत ठेवा.’ हे वाचून मला भीती वाटते. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा दारं-खिडक्या घट्ट लावून, फटीत फडकी कोंबून माणसं झोपतात. निखारे धूर देत नाहीत, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने ठसकाही लागत नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेगडी अंगणात शेका आणि झोपायच्या आधी बाहेरच विझवा. खोलीत गोधडी वाढवा. हा मेसेज कुणी पुढे पाठवत असेल तर निदान ही ओळ तरी खोडायला सांगा.

आता खर्चाचा खरा प्रश्न, कारण गॅस परवडत नाही ही तक्रार खोटी नाही. सिलिंडर लवकर का संपतो, ते बघा. थंडीत आंघोळीच्या एका बादलीला विजेवर अर्धा युनिट लागतो. पाच माणसांचे महिन्याला ७५ युनिट झाले, आणि महावितरणचा १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट होतो. तेच पाणी गॅसवर तापवलं तर महिन्याला नऊ-दहा किलो गॅस जातो. अर्ध्याहून जास्त सिलिंडर न्हाणीघरात!

म्हणजे स्वयंपाकघरातला गॅस बंद करायची गरज नाही, आंघोळीचं पाणी त्यावरून उतरवायची आहे. पडवीच्या बाहेर, उघड्यावर बंब ठेवा. त्यात पऱ्हाट्या, नारळाची सोडणं, काटक्या, सगळं चालतं. मधल्या नळीमुळे उष्णता पाण्याला जास्त लागते, आणि त्याच्यापुढे तासभर बसून राहावं लागत नाही. ऐपत असेल तर छतावर पाणी तापवायचा सोलर बसवा. पावसाळ्यात तो अडतो आणि खाऱ्या पाण्याने नळ्यांत क्षार धरतो, हे लक्षात ठेवून घ्या. स्वयंपाक गॅसवरच राहू द्या, डाळ भिजवून कुकरला लावा. घरात उज्ज्वलाची जोडणी असेल तर अनुदान आणि राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतले वर्षाचे तीन मोफत सिलिंडर खात्यावर जमा होतात का, ते पासबुकात बघून घ्या.

राहिला ‘परदेशी लूट’ हा मुद्दा. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, त्यामुळे तिकडचा भाव वाढला की इकडे झळ बसते, हे बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय गोठ्यात आहे. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार-पाच जनावरं असली की एवढं शेण निघतं आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो, वर शेताला स्लरी मिळते. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने हे काम गावोगावी केलं आहे. दावणीला पाच जनावरं बांधून ‘चूल पेटवा’ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या परड्यात हा खड्डा खणावा, आणि रोजचं शेण कालवायचं काम स्वतः करावं.